जुन्या पिकअप वाहनासाठी परवडणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची निवड : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतमालाच्या वाहतुकीत पिकअप वाहनाने गेल्या तीन दशकांत जे स्थान मिळविले आहे, त्याची नोंद अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, सांगलीच्या पेठेत येणारी हळद, कराड भागातील गूळ, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि गावोगावचे दूध यांचा शेतापासून बाजारापर्यंतचा पहिला प्रवास बहुधा याच वाहनातून होतो. एमएच १०, एमएच ११ किंवा एमएच ५० असा क्रमांक मिरविणाऱ्या या गाड्यांपैकी अनेक दहा-बारा वर्षांहून जुन्या असतात आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे चालत असतात. टाटा २०७, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि २००५ साली बाजारात आलेली, लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून स्वीकारलेली टाटा एस ही त्यांतील परिचित नावे होत.

अशा वाहनाच्या इंजिनाला जोडलेला जो भाग जुनेपणी हमखास त्रास देतो, तो म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. त्याला तडा गेला की मालकासमोर दोन सल्ले येतात. गॅरेजमधील अनुभवी फिटर 'वेल्डिंग मारून घ्या' असे सुचवितो, तर मोबाईलवरील चित्रफिती पाहणारी तरुण मंडळी ओतीव मॅनिफोल्ड काढून त्याजागी नळ्यांचा 'हेडर' बसवावा, त्याने गाडीची ताकद वाढते, असे सांगतात. दोन्ही सल्ले वरकरणी स्वस्ताचे आहेत. मात्र स्वस्ताई कशावरून मोजावयाची हा प्रश्न दोन्हींत सुटून जातो. प्रस्तुत लेखात या निवडीमागील भौतिकशास्त्र, धातूचे गुणधर्म, खर्चाचा हिशोब आणि कायद्याची बाजू यांचा विचार केला आहे.

मॅनिफोल्ड आणि हेडर : रचना व कार्य

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून पुढे सायलेन्सरच्या नळीत, किंवा टर्बो असल्यास टर्बोमध्ये, पोहोचविणे हे मॅनिफोल्डचे काम. सर्वसाधारण मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एकसंध आणि जाड असतो. त्याच्या शाखा आखूड असतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरसाठी पोलादाची स्वतंत्र, वळविलेली व जवळपास समान लांबीची नळी असते आणि या नळ्या काही अंतरावर एका संग्राहकात मिळतात.

हेडरचा दावा पोकळ नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. एक्झॉस्ट झडप उघडताच सिलिंडरमधील दाबाचा एक धक्का नळीतून ध्वनीच्या वेगाने पुढे जातो. नळीचे तोंड जेथे संग्राहकात एकदम रुंद होते, तेथून हा धक्का उलट स्वरूपात, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन, मागे परततो. ही लाट झडप मिटण्यापूर्वी नेमक्या वेळी पोहोचली तर उरलेला जळका वायू ओढून घेतला जातो आणि ताज्या हवेला अधिक जागा मिळते. शर्यतीच्या मोटारींत लांबच लांब नळ्यांची जुडी दिसते ती याच कारणाने.

प्रश्न उरतो तो 'नेमक्या वेळी' या शब्दांचा. सुमारे ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या जळक्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो. ढोबळ नियमानुसार लाटेने जाऊन परत येण्याचा काळ क्रँकशाफ्ट सुमारे १२० अंश फिरण्याइतका असावा लागतो. पेट्रोल मोटारीचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर १२० अंशांना ३.३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात लाट १.८ मीटर अंतर कापते, म्हणून नळीची लांबी त्याच्या निम्मी, सुमारे ९० सेंटिमीटर ठेवावी लागते. ही लांबी वळणे देऊन बॉनेटखाली बसविता येते. आता मालाने भरलेली पिकअप घाट चढताना पाहावी. तिचे डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास काम करते. तेथे १२० अंशांना १० मिलिसेकंद लागतात, लाट साडेपाच मीटर जाते आणि नळीची आवश्यक लांबी पावणेतीन मीटर निघते. चार सिलिंडरांसाठी अशा चार नळ्या, म्हणजे एकूण अकरा मीटर नळी, पिकअपच्या बॉनेटखाली मावणे शक्य नाही. बाजारात मिळणारा किंवा सायलेन्सरवाल्याकडून वळवून घेतलेला हाताएवढ्या नळ्यांचा हेडर या इंजिनाच्या कामाच्या वेगाशी जुळतच नाही.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. वाहनांच्या डिझेल इंजिनात दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ सामान्यतः कमी ठेवलेला असतो, त्यामुळे परतलेल्या लाटेला काम करण्याची संधीही थोडीच मिळते. आणि टर्बो असलेल्या इंजिनात परिस्थिती बहुतांशी उलट होते. टर्बोचे चक्र वायूच्या उष्णतेवर व दाबावर फिरते. पातळ व लांब नळ्यांतून वायू थंड होऊन पोहोचला तर ते चक्र उशिरा वेग घेते. आखूड व जाड बिडाचा मॅनिफोल्ड तेथे अधिक योग्य ठरतो. अभियंत्यांनी तो केवळ कंजूषपणामुळे बसविला आहे, ही समजूत बरोबर नाही.

तडा का जातो?

भरल्या गाडीने वाईहून पसरणी घाट चढावा, किंवा चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कोयनेकडे यावे, म्हणजे मॅनिफोल्डवर काय बेतते ते लक्षात येते. पूर्ण भाराखाली डिझेल इंजिनाचा जळका वायू ५०० ते ६५० अंशांपर्यंत तापतो. मॅनिफोल्ड ज्या सिलिंडर हेडला बोल्टांनी आवळलेला असतो, ते हेड मात्र पाण्याने थंड राखलेले, ९० अंशांच्या आसपास असते. बिडाची लांबी दर अंशाला प्रतिमीटर सुमारे ११ सहस्रांश मिलिमीटरने वाढते. मॅनिफोल्डची लांबी ४५ सेंटिमीटर आणि तापमानातील वाढ ५०० अंश धरल्यास तो जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब होतो. तेवढ्याच लांबीचे बिडाचे हेड मात्र जेमतेम ०.३ मिलिमीटर वाढते. फ्लँज प्रत्यक्षात शाखांपेक्षा थोडी थंड राहत असल्याने तिच्या बाबतीत हा फरक काहीसा कमी भरतो, तरी दोन धातुखंडांतील ही ओढाताण प्रत्येक फेरीत होते आणि इंजिन बंद झाल्यावर उलट दिशेने पुन्हा होते.

म्हणूनच अनेक मॅनिफोल्डांत टोकाकडील बोल्टांची छिद्रे मुद्दाम मोठी किंवा लंबगोल ठेवलेली असतात, जेणेकरून फ्लँज गॅस्केटवर थोडी सरकू शकेल. गंजलेले स्टड, जरुरीपेक्षा जास्त आवळलेले नट किंवा छिद्रात साचलेली काजळी यांमुळे हे सरकणे थांबले की ताण बिडाच्या अंगात जातो. साध्या करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची जाळी असते. अशा बिडाला दाब सोसतो, ताण मात्र सोसत नाही. तडा बहुधा दोन शाखांच्या बेचक्यात पडतो. भर पावसात तापलेल्या मॅनिफोल्डवर रस्त्यावरील पाण्याचा फवारा उडणे, आणि घाटमाथ्यावर पोहोचताच इंजिन तत्काळ बंद करणे, या दोन गोष्टी या प्रक्रियेला हातभार लावतात.

गळतीची लक्षणे अवघड नाहीत. सकाळी थंड इंजिन सुरू करताच टकटक असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर फट मिटल्यामुळे तो नाहीसा होतो. फ्लँजच्या सांध्यावर काळा पट्टा उमटतो. टर्बो असलेल्या गाडीची चढावरील ताकद कमी होऊन धूर वाढतो. जुन्या केबिनमध्ये धुराचा वास येऊ लागतो, आणि येथे प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. रात्रभर काचा लावून वाशीच्या बाजारापर्यंत जाणाऱ्या चालकाच्या पायाशी, फायरवॉलमधील रबरी बूच सुटलेल्या छिद्रांतून, हाच धूर येत असतो. 'गाडी चालतेय ना' या उत्तराने तो दुर्लक्षिला जातो.

पर्यायांचा विचार

या परिसराला बीड नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसविली ती लोखंडी नांगराच्या उत्पादनासाठी. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी उभारलेल्या कारखान्यातही नांगर आणि पुढे इंजिने तयार झाली. शेजारच्या कोल्हापुरात तर ओतकामाच्या भट्ट्यांची मोठी वसाहतच आहे. त्यामुळे या भागातील वाहनमालकाला ओतीव भागाची पारख असलेला माणूस शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ही सोय हेडरच्या गदारोळात विसरली जाते.

उपलब्ध पर्याय पाच प्रकारचे दिसतात : वाहन कंपनीचा मूळ सुटा भाग, अन्य उत्पादकाने त्याच मापात ओतलेला नवा भाग, मोडीत निघालेल्या गाडीचा काढलेला भाग, तडा गेलेल्या भागाचे वेल्डिंग, आणि नळ्यांचा हेडर.

किमतींची तुलना करताना सर्वसाधारणपणे केवळ भागाची किंमत पाहिली जाते. परंतु जुना मॅनिफोल्ड उतरविणे, तुटलेले स्टड ड्रिल करून काढणे, नवे गॅस्केट, फिटरची मजुरी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडे हा खर्च कोणताही भाग निवडला तरी तेवढाच राहतो. समजा, हा समान खर्च मूळ भागाच्या किमतीइतकाच आहे. मूळ भागाची किंमत एक एकक धरली तर एकूण खर्च दोन एकके होतो. निम्म्या किमतीचा भाग घेतल्यास एकूण खर्च दीड एकक, म्हणजे पहिल्याच्या तीन-चतुर्थांश होतो. अर्थात, निम्म्या किमतीचा भाग मूळ भागाच्या किमान तीन-चतुर्थांश काळ टिकला तरच तो स्वस्त म्हणावयाचा. तो निम्मा काळ टिकला तर महाग पडला. द्राक्षाच्या हंगामात, जेव्हा एक दिवस गाडी उभी राहणे म्हणजे बांधलेले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणे, तेव्हा समान खर्चाचा वाटा आणखी वाढतो आणि टिकाऊपणाचे पारडे जड होते. उन्हाळ्यात काम नसताना उलट. एकाच गाडीसाठी दोन ऋतूंत दोन निर्णय योग्य ठरू शकतात.

अन्य उत्पादकाचा नवा भाग हा बहुतेक मालकांसाठी विचार करण्याजोगा पहिला पर्याय आहे, मात्र तो पाहून घेतला पाहिजे. फ्लँजच्या मशिन केलेल्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी उभी धरून खालून फीलर गेज सरकवावा. वाहनाच्या दुरुस्तीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेहून अधिक फट असल्यास भाग परत करावा किंवा जवळच्या वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्यावा. नवे गॅस्केट मॅनिफोल्डवर ठेवून प्रत्येक छिद्र जुळते का ते पाहावे. मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडापेक्षा किंचित मोठे असेल तर बिघडत नाही. लहान असेल तर वायूच्या वाटेत पायरी निर्माण होते. शाखांच्या आत बोट घालून ओतकामाची वाळू चिकटलेली नाही ना, हे तपासणे तर अत्यावश्यक आहे. साच्याच्या गाभ्यातील एखादा वाळूचा कण टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या चक्रावर आदळल्यास मॅनिफोल्डवर वाचविलेली रक्कम टर्बोवर खर्च होते. भाग कोणत्या बिडाचा आहे, हेही विचारावे. जास्त तापणाऱ्या टर्बो इंजिनांसाठी ग्रॅफाइटच्या गोल गाठी असलेले, सिलिकॉन व मॉलिब्डेनम यांचे प्रमाण वाढविलेले बीड वापरतात. साध्या करड्या बिडापेक्षा ते उष्णता अधिक काळ सोसते. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तरी प्रश्न वाया जात नाही.

भंगारातील भागाविषयी अकारण तुच्छता बाळगली जाते. वस्तुतः शेकडो वेळा तापून थंड झालेल्या ज्या मूळ भागाला अद्याप तडा गेलेला नाही, त्याने आपली परीक्षा बऱ्याच अंशी दिलेली असते. तपासणीची जुनी रीत आजही उपयोगी आहे. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, काही वेळाने कोरडा पुसून खडूची पूड चोळावी. तडा असल्यास त्यात मुरलेले तेल पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ होऊन उमटते. टांगून हातोडीने हलके वाजविल्यास अखंड बीड घंटेसारखे घुमते, तडकलेले बद्द वाजते. स्टडची छिद्रे झिजून ओबडधोबड झालेली असतील, किंवा फ्लँज इतकी वाकलेली असेल की फेसिंगनंतर पातळ राहील, तर तो भाग सोडून द्यावा. इंजिनाचे मॉडेल जुळणे पुरेसे नाही. टर्बो आणि बिगरटर्बो गाड्यांचे मॅनिफोल्ड वेगळे असतात, तसेच काही गाड्यांत जळक्या वायूचा अंश पुन्हा इंजिनात नेणाऱ्या झडपेसाठी मॅनिफोल्डवर स्वतंत्र तोंड असते.

वेल्डिंगबाबत मत कठोर ठेवणे भाग आहे. बिडात कार्बनचे प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक असते. साध्या पोलादी रॉडने, थंड भागावर, दहा मिनिटांत मारलेले वेल्डिंग थंड होताना शेजारचे बीड ठिसूळ करते आणि नवा तडा जुन्या रेघेच्या बाजूलाच पडतो. योग्य रीत वेगळी आहे : तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडून तो पुढे सरकणे थांबवावे, खाच काढावी, संपूर्ण भाग सुमारे ३०० अंश वा अधिक तापवावा, निकेलच्या रॉडने लहान लहान टप्प्यांत वेल्डिंग करावे, भाग चुन्याच्या किंवा राखेच्या ढिगात पुरून सावकाश थंड होऊ द्यावा आणि शेवटी फ्लँजचे फेसिंग करावे. हे सर्व केल्यास दुरुस्ती टिकू शकते. परंतु त्याचा खर्च मोजला तर अनेकदा भंगारातील अखंड भाग त्याहून कमी पैशांत मिळतो. हंगाम संपेपर्यंत गाडी चालती ठेवण्याची तात्पुरती सोय म्हणून साधे वेल्डिंग समजण्यासारखे आहे, पण त्याला दुरुस्ती म्हणू नये.

हेडरचा पर्याय एका परिस्थितीत उरतो : इंजिन बिगरटर्बो आहे, त्याचा ओतीव भाग कोठेच मिळत नाही आणि नळ्या वळविणारा कारागीर कुशल आहे. अशा वेळी ताकदीची अपेक्षा न ठेवता केवळ बदली भाग म्हणून त्याकडे पाहावे. नळीची जाडी १४ गेज, म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, असावी. १८ गेजची १.२ मिलिमीटर नळी वळणावर आणखी पातळ होते, घरघरते आणि वेल्डिंगजवळ लवकर फाटते. चकाकणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचा मोह टाळलेला बरा. ते बिडापेक्षा दीडपट प्रसरण पावते, म्हणजे आधीची अडीच मिलिमीटरची ओढाताण पावणेचारांवर जाते. फ्लँज दहा मिलिमीटरच्या आसपास जाड असावी. एका अखंड पट्टीऐवजी प्रत्येक तोंडासाठी सुटी फ्लँज ठेवल्यास प्रसरणाला वाव मिळतो. वेल्डिंग करताना ती जाड प्लेटवर आवळून ठेवावी आणि नंतर फेसिंग करावे, अन्यथा नवी कोरी फ्लँज पहिल्याच दिवशी वाकडी बसते. हेडरवर कापडी पट्टी गुंडाळण्याची जी पद्धत दिसते, ती आपल्या पावसाळ्यात ओल धरून साध्या पोलादाला लवकर गंजविते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेचे पालन आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. समान बनावटीचा सुटा भाग बदलणे म्हणजे फेरफार नव्हे. मात्र जळक्या वायूच्या पुनर्वापराची झडप बंद करून किंवा सायलेन्सर मोकळा करून बसविलेला हेडर तपासणीत प्रश्न उपस्थित करतो. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे हा प्रश्न एकदाच टाळून भागत नाही. धुराच्या चाचणीत जुन्या डिझेल वाहनांसाठी ६५ हार्ट्रिज एककांची आणि बीएस-४ वाहनांसाठी ५० एककांची मर्यादा आहे. टर्बोपूर्वीची गळती हवेचा दाब घटवून हाच आकडा वाढविते.

बसवणी

उत्तम भाग चुकीच्या बसवणीने वाया जातो. स्टड काढण्यापूर्वी आदल्या दिवशी गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. इंजिन किंचित कोमट असताना नट सोडविल्यास हेडमध्ये स्टड तुटण्याची शक्यता कमी होते, आणि तुटलेला एक स्टड काढण्यात कधी कधी उरलेल्या सर्व कामाइतका वेळ जातो. हेडचा पृष्ठभाग पात्याने खरवडून पट्टीने तपासावा. गॅस्केट नेहमी नवे वापरावे. दोन जुन्या गॅस्केटांची चळत किंवा केवळ सीलंटचा थर एवढ्या उष्णतेत टिकत नाही. नट मध्यापासून सुरुवात करून आलटूनपालटून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने पुस्तिकेतील मापापर्यंत आवळावेत. टोकांकडून मध्याकडे आवळल्यास मध्यभाग उचललेला राहतो. सायलेन्सरच्या नळीचे रबरी हँगर तुटलेले असतील तर ते त्याच वेळी बदलावेत, कारण लोंबकळणाऱ्या नळीचे सारे वजन मॅनिफोल्डच्या मानेवर येते आणि पहिला तडा जाण्याचे कारण पुष्कळदा तेच असते. पहिल्या भरल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पुस्तिकेत मनाई नसल्यास, नट एकदा पुन्हा तपासावेत. त्याच वेळी सांध्याभोवती हात फिरवून बोटांना काजळी लागते का ते पाहावे.